लिंबाजीच्या घराचे आढे

सह्याद्रीच्या पायथ्याला आंबेघळ नावाचे एक गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, ओढा जिथे कड्यावरून खाली उतरतो तिथे, सावळबुवा महाराजांची मठी होती. मठी म्हणजे काय, कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली ओसरी आणि एक समई. महाराजांनी कधी कुणाला गंडा बांधला नाही की ताईत दिला नाही. आलेल्याचे ऐकून घ्यावे आणि थोडके बोलावे, एवढाच काय तो यांचा चमत्कार, असे खालच्या पेठेतले शहाणे लोक चेष्टेने म्हणत. शहाण्यांचे काय, ते देवाच्या मूर्तीलाही टिचकी मारून दगड कोणता ते पाहतील. अशा एका शहाण्याची आणि एका साध्या सुताराची ही कथा आहे. भाविकांनी ती सावकाश ऐकावी.

लिंबाजी हा आंबेघळचा सुतार. नांगर, तिफण, दाराची चौकट, जे गावाला लागेल ते तो करी आणि सांजवेळी महाराजांच्या ओसरीवर जाऊन बसे. त्याची एकुलती एक लेक गोजरा पेठेतल्या धर्माजी मिस्त्रीच्या मुलाला, यशवंताला, दिली होती. धर्माजीही जातीचा सुतारच. पण त्याने लाकूड तासायचा वाकस केव्हाच खाली ठेवला होता आणि पेठेत लाकडाची मोठी वखार घातली होती. ओंडक्यावर बोट वाजवून तो झाड कोणते, वाढले कुठे आणि वाळले किती हे सांगत असे, आणि ते चुकत नसे. त्याचे ज्ञान खरे होते, फक्त त्या ज्ञानाला शिंगे फुटली होती.

त्या भागातल्या सुतारांत एक चाल होती. लेकीच्या लग्नात पलंग विकत आणायचा नाही, तो बापाने स्वतःच्या हाताने घडवायचा. लिंबाजीनेही घडवला होता. पण लग्न घाईत ठरले, झाड ऐन शुक्लपक्षात, खोडात रस चढलेला असताना, तोडले गेले आणि लाकूड ओले असतानाच त्याला करवत लागली. त्यात ओंडका कमी पडू लागला, तेव्हा दोन पायांना त्याने सालीलगतचा पांढरा भाग तसाच ठेवला आणि वरून गेरू व तेल चोळून गाभ्याच्या रंगात रंग मिसळून दिला. ही पांढरी मऊ असते, किडा आधी तिच्यातच शिरतो, हे लिंबाजीला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असूनही माणूस चुकतो, तसा तो चुकला होता.

वर्ष उलटले नाही तोच पलंगाखाली पिठासारखा भुगा पडू लागला. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, आळीतल्या साऱ्या बायका जमलेल्या असताना, धर्माजीची थोरली बहीण पलंगावर टेकली. बाई अंगापिंडाने भरलेली होती हे खरे, पण दोष तिचा नव्हता. पलंगाचे दोन पाय एकदम बसले आणि आत्याबाई वाणाच्या सुगडांसकट जमिनीवर आल्या. वखारवाल्याच्या घरात किडका पलंग निघाला, ही गोष्ट दिवस मावळायच्या आत साऱ्या पेठेला कळली. दुसऱ्या दिवशी धर्माजीने सुनेला माहेरी आणून घातले.

लिंबाजी त्याच्या मागोमाग वखारीत गेला. त्याने काही लपवले नाही. घाई केली, पांढरी ठेवली, चूक माझी, लेकीची नव्हे, असे हात जोडून सांगितले. कबुली ऐकून धर्माजी निवळायचा तो अधिकच तापला.

"दुसरा पलंग कर," तो म्हणाला. "पर त्यो घरात न्हाई यायचा. आषाढी एकादशीला वखारीमागच्या वारुळावर ठेवायचा, आन् कार्तिकीला उचलायचा. वाळवीचा एक दात जरी लागला तरी तुझी लेक तुझ्यापाशी. पोराचं मी दुसरं लगीन लावतो."

वर त्याने हेही बजावले, की माझ्या वखारीतली ढलपीसुद्धा तुला मिळायची नाही. तुमचे ते घळीतले बुवा आहेत ना, त्यांना सांगा वाळवीला मंत्र घालायला. वखारीतले हमाल हसले. जावई यशवंता शेजारीच उभा होता आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. आणखी थोडी उकरली असती तर पाणी लागले असते, पण बापापुढे त्याचे तोंड उघडले नाही.

त्या दिवसापासून लिंबाजीने मनाशी एकच गाठ बांधली. वाळवीने तोंड लावून परत फिरावे असे लाकूड मिळवायचे, मग त्यासाठी काय वाटेल ते होवो. तो रान हिंडला, आसपासच्या गावांतले ओळखीचे सुतार गाठले, पडलेली झाडे पाहिली. ऐनाचा ओंडका सापडला, भक्कम होता, पण वाळताना उभा तडकत होता. शिवणीची फळी हाताला हलकी आणि वळायची नाही, पण वाळवीपुढे तिचा टिकाव किती याची त्याला खात्री नव्हती. बाभळीचा नांगर करावा, पलंग करू नये. शिसवीचे नाव काढायची ऐपत नव्हती. साग मिळत होता, पण तो काल-परवा तोडलेला, आतून ओला. आणि ओल्या लाकडाने एकदा त्याचे तोंड पोळले होते. घरी गोजरा कुणाशी न बोलता दळण दळी आणि ते पाहून त्याचा जीव तुटे. शेवटी तो मठीत गेला आणि महाराजांपुढे त्याने सगळ्या झाडांची कुळकथा सांगून टाकली.

महाराजांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "लिंबाजी, बाजारात काय मिळतं ते सांगितलंस. रानात काय मिळतं तेही सांगितलंस. आता तुझ्या माहितीतलं सगळ्यांत खात्रीचं लाकूड कुठलं ते सांग."

लिंबाजीने ओसरीवरून खाली आपल्या घराच्या दिशेने पाहिले. उत्तर त्याला ठाऊक होते आणि म्हणूनच ते ओठावर येत नव्हते.

"माझ्या घराचं आढं," तो अखेर म्हणाला.

ते आढे त्याच्या आज्याने घातले होते. जुन्या सागाचा नुसता गाभा. पौषाच्या वद्यात तोडलेला, नदीच्या डोहात बुडवून ठेवून आतला सगळा चीक काढलेला, मग सावलीत वाळवलेला. आज्याने झाड तोडले तेव्हा लिंबाजीचा बाप रांगत होता आणि आढे चढले तेव्हा तो नवरदेव झाला होता, असे घरात सांगत. भिंतींना वाळवी लागली, दाराच्या चौकटी दोनदा बदलल्या, पण आढ्याला कधी काही झाले नाही. साऱ्या घराचे वासे आणि कौले त्याच्या अंगावर होती.

"पर महाराज, ते काढलं तर घर कशावर ऱ्हाईल? आन् म्होरं पावसाळा हाय."

महाराज म्हणाले, "तू पलंगाचं बघ. घराचं मी बघतो."

एवढेच. ना अंगारा, ना आशीर्वादाचा हात. पण लिंबाजी उठला तो पलंग मिळाल्यासारखाच उठला. बोल देणारा कोण आहे हे ज्याला कळले, त्याला पुरावा लागत नाही.

घरी त्याची बायको हौसाबाई मात्र ऐकून कपाळाला हात लावून बसली. तुमचे डोके ठिकाणावर नाही, लेकीचा संसार मांडायला निघालात आणि आपला उघड्यावर टाकता, असे तिने त्याला नको नको ते सुनावले. सुनावून झाल्यावर तिने पदर खोचला आणि आढ्यापर्यंत पोचणारी शिडी शेजारून मागून आणली. शिडी धरून ती स्वतःच उभी राहिली, आणि लिंबाजी वर चढला.

त्याने वासे जोडीजोडीने काथ्याने बांधून घेतले, खालून बांबूचे टेकू दिले आणि आढे काढले. सारा गाव बघायला जमला होता. शेजारचा सुभाना म्हणाला, "घर फिरलं की वासे फिरत्यात म्हनं. तुजं घर जाग्यावर हाय तवर तूच वासे फिरवाया निघालास व्हय?" लोक हसले. लिंबाजीने मान वर केली नाही. त्याने करवत लावली, आणि धुराने काळ्या पडलेल्या त्या लाकडाच्या पोटातून असा काही सोनेरी गाभा निघाला, की हसणाऱ्यांतले दोघेचौघे जवळ येऊन हात लावून गेले. या खेपेला त्याने कुठेही घाई केली नाही. सांधा सांध्यात बसेपर्यंत पटाशी खाली ठेवली नाही, आणि रंगाचा एक थेंब लावला नाही.

एकादशीला पलंग वखारीमागच्या वारुळावर ठेवला गेला. त्या वारुळातल्या वाळवीने कुंपणाचे खांबच्या खांब खाल्ले होते. धर्माजीने पलंगाच्या पायावर बोट वाजवले, क्षणभर त्याची भुवई वर गेली. पलंग तिथे ठेवून लिंबाजी घरी आला.

त्या वर्षी श्रावण असा लागला, की ओढा आणि नदी वेगळी दिसेनात. पाऊस थांबायचे नाव घेईना. घाटावरून येणारा वारा कौलांखाली शिरे आणि छप्पर कण्हल्यासारखे वाजे. एका दुपारी हौसाबाई टेकूला धरून उठायला गेली, तर तिची बोटे बांबूच्या आत गेली. लिंबाजीने धावत येऊन टेकू वाजवून पाहिला. तो पोकळ होता. दुसरा पाहिला, तोही पोकळ. पेठेत पलंग वाळवीच्या तोंडी दिला होता, पण तिचीच भावंडे इथे भिंतीतून निघून टेकूंवर चढली होती. बांबूची नुसती साल उभी होती आणि आत माती भरलेली होती.

ही बातमी सुभानाला कळली. तो मनाने वाईट नव्हता, फक्त जिभेला हाड नव्हते. भिजत आला आणि म्हणाला, "लिंबाजी, पेठेत जा आन् पलंग उचलून आन. त्याच्याच पट्ट्यांचं टेकू दे. घरात दोन बायामान्सं हायत. पोरीचं नशीब पोरीसंगं, पर छप्पर पडलं तर ती पोर तरी ऱ्हाईल का?"

हे बोलणे खरे होते. पलंग उचलला तर पैज गेली आणि गोजरेचे घर कायमचे तुटले. नाही उचलला तर घर अंगावर येणार. लिंबाजीने गोजरेकडे पाहिले. तिने नुसती मान हलवली, नको म्हणून. मठीत जाऊन महाराजांना विचारून यावे असेही त्याच्या मनात आले. पण मग त्याला वाटले, महाराजांनी मी बघतो म्हटले आहे. आता विचारायला जायचे म्हणजे तो बोल खोटा धरण्यासारखे आहे. तो गेला नाही.

मात्र हातपाय गाळून बसणे त्याच्या रक्तात नव्हते. परसात एक पांगारा होता, मऊ तर मऊ, पण निदान आजचा दिवस तरी निभेल म्हणून त्याने तो तोडला, छाटला आणि जुन्या टेकूशेजारी नवा टेकू ठोकायला उभा केला. टेकूचे डोके वाशांना नीट भिडले की नाही हे पाहायला तो शिडीवर चढला आणि तिथेच थांबला.

जुने टेकू पोखरून खचले होते, त्यांची डोकी चांगली हातभर खाली आली होती. पण छप्पर त्यांच्याबरोबर खाली आले नव्हते. टेकू आणि वासे यांच्यामध्ये मोकळी फट होती, आणि वर सारी कौले, सारे वासे, वारा अंगावर घेत जिथल्या तिथे होते. लिंबाजीने त्या फटीत हात घातला. हाताला काही लागले नाही. घर कशावरही उभे नव्हते.

तो खाली उतरला, नवा टेकू त्याने भिंतीशी आडवा ठेवून दिला आणि मठीच्या दिशेने तोंड करून जमिनीवर डोके टेकले. त्याला रडू आले. हौसाबाईला आणि गोजरेला त्याने सांगितले, की याची वाच्यता करू नका. महाराजांनी सांगून केलेले नाही, आपण बोभाटा करू नये. मग उरलेला पावसाळा ती तिघे त्या छपराखाली स्वयंपाक करीत होती, झोपत होती, आणि बाहेरचे लोक आज पडेल, उद्या पडेल म्हणून वाट पाहत होते.

कार्तिकी एकादशीला लिंबाजी पेठेत गेला. सोबत सुभाना होता. वखारीमागे निवाड्यासाठी पेठेतले पंच जमले होते. वाळवीने पलंगाच्या चारही पायांवर मातीच्या नळ्या वरपर्यंत चढवल्या होत्या, आणि ते पाहून धर्माजीच्या तोंडावर हसू आले. त्याने पटाशी मागितली आणि माती खरवडली. आत लाकूड जसेच्या तसे होते. दुसरा पाय खरवडला, तिसरा, चौथा. मग बाजूच्या पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. वाळवी वरपर्यंत गेली होती आणि तोंड न लावता परतली होती. धर्माजीने एक ढलपी काढून नाकाशी धरली. सागाच्या तेलाचा वास, आणि त्यात मुरलेला चुलीचा धूर.

इथे त्याने हार मानायला हवी होती. पण माणसाला हार मानण्यापेक्षा दुसऱ्याला चोर म्हणणे सोपे जाते.

"असलं लाकूड आता कुठल्याच वखारीत न्हाई," तो म्हणाला. "माझ्यापाशीबी न्हाई. तुझ्यापाशी कुठनं आलं? कुणाच्या देवळाचं चोरलंस?"

"माझ्या घराचं आढं हाय," लिंबाजी म्हणाला.

धर्माजी मोठ्याने हसला. आषाढात आढे काढलेस आणि असल्या पावसात घर उभे राहिले, हे कुणाला सांगतोस, असे तो म्हणाला. चला, बघूच, नसले उभे तर तुझे कबूल, आणि उभे असले तर आढे जागेवर असणारच, मग तर चोरी उघडच झाली. पंचांना घेऊन तो आंबेघळची वाट चालू लागला.

लिंबाजीच्या घरात शिरताच त्याने वखारवाल्याच्या सवयीने आधी वर पाहिले. आढ्याची जागा रिकामी होती. त्याने टेकूला हात लावला, तर बांबूची साल त्याच्या मुठीत चुरा होऊन आली आणि आतली माती त्याच्या पायांवर पडली. छप्पर हलले नाही. शिडी लावून तो वर चढला. वाशांच्या टोकांखालून त्याने एक हात पलीकडे नेला, मग दुसरा नेला. ज्याने आयुष्यभर लाकडाचे वजन आणि लाकडाचा आधार यांचेच हिशेब केले होते, त्याला त्या रिकाम्या जागेत काय आहे ते कळेना.

"हे कुणी धरलंय?" त्याने विचारले.

लिंबाजीने मठीकडे बोट दाखवले.

सगळे मठीवर आले. महाराज ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांची सेवा करणारी भागूआजी दारातच होती; तिने पाहुण्यांना हळू बोला म्हणून खूण केली. महाराजांची तब्येत बरी नाही का, असे लिंबाजीने घाबरून विचारले, तेव्हा म्हातारी म्हणाली, "काय सांगू बाबा. आषाढापास्नं पाठ भुईला टेकली न्हाई. रातंदिस असंच बसून. निजा म्हनलं तर म्हनत्यात, निजलो तर वझं खाली येईल. कसलं वझं ते काय सांगत न्हाईत."

महाराजांच्या खांद्यावरचे उपरणे थोडे सरकले होते. उजव्या खांद्यावर कातडी काळी पडून जाड झाली होती, मधे सोलवटून लाल झाली होती, आणि त्या वळाची रुंदी वीतभर होती. ते बाकीच्यांना साधे दुखणे वाटले असते. पण धर्माजी वखारीत वाढलेला होता. ओंडके वाहणाऱ्या हमालांचे खांदे त्याने जन्मभर पाहिले होते. हा वळ कशाचा, आणि ओझे कुठल्या मापाचे, हे त्याला कुणी सांगावे लागले नाही. आपण घातलेली पैज कुणाच्या अंगावर पडली होती हे त्याला दिसले, आणि तो तिथल्या तिथे मटकन खाली बसला. त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि लहान मुलासारखा रडू लागला.

महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "धर्माजी, तुझ्या वखारीत एखादं बरंसं आढं असेल का रे? आता खांदा दुखतो."

धर्माजी उठला. लिंबाजीच्या घरी गोजरेपाशी जाऊन तो म्हणाला, की पोरी, माझे चुकले, आत्ताच्या आत्ता घरी चल. गोजरा तोवर सासऱ्यापुढे कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "मामंजी, आधी माझ्या बाच्या घराला आढं चढू द्या. मग मी येती." आणि धर्माजीने सुनेपुढे मान खाली घातली.

त्याने स्वतःच्या घरासाठी वर्षानुवर्षे राखून ठेवलेला सागाचा जुना गाभा वखारीतून काढला. गाडी ओढ्यापर्यंत आली. तिथून पुढे वाट चढाची आणि अरुंद. हमाल पुढे सरसावले, तर त्याने त्यांतल्या एकाला बाजूला केले आणि आढ्याच्या टोकाखाली स्वतःचा खांदा दिला. मागच्या टोकाला न सांगता यशवंता लागला. अंगरखा फाटला, खांदा सोलला, पण धर्माजीने वाटेत कुठे आढे खाली टेकू दिले नाही. लिंबाजीने ते वर घेऊन खाचेत बसवले, वासे त्यावर टेकले आणि सारे घर एकदा करकरून स्वस्थ झाले.

ते महाराजांना सांगायला धर्माजी सगळ्यांच्या आधी मठीकडे धावला. ओसरीवर महाराज डाव्या कुशीवर आडवे झाले होते आणि त्यांना गाढ झोप लागली होती. मागून येणाऱ्या लोकांना त्याने हाताने थांबवले, कुणाला चकार शब्द बोलू दिला नाही. डोक्याचा फेटा काढून बाजूला ठेवला आणि महाराजांना जाग येऊ नये म्हणून अगदी हलकेच मठीच्या उंबऱ्यावर माथा टेकला.